दंतचिकित्सालयाच्या दारावरील लेसरचा इशारा
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



दाताच्या दवाखान्याच्या दारावर लावावयाच्या एका पिवळ्या पाटीसंबंधी आजचे हे विवेचन आहे. विषय वरकरणी अगदी लहान दिसतो. दातांच्या निगेविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असताना एका पाटीवर एवढा वेळ का खर्चावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होय. परंतु उपचार चालू असताना खुर्चीतील रुग्णाच्या डोळ्यांवर निदान संरक्षक चष्मा तरी चढविलेला असतो. उघड्या डोळ्यांनी त्या खोलीत शिरणारी व्यक्ती वेगळीच असते. "अजून किती वेळ?" हे विचारण्यासाठी दार लोटणारे वडील, आईला शोधत आलेला पाच वर्षांचा मुलगा, चहाचे पेले घेऊन आलेला पोऱ्या, पावतीपुस्तकावर सही घेण्यास आलेली स्वागतकक्षातील मुलगी. त्या सर्वांचे डोळे केवळ त्या पाटीच्या भरवशावर असतात.

लेसर म्हणजे काय, याचा थोडक्यात परिचय आवश्यक आहे. सामान्य दिव्याचा प्रकाश अनेक रंगांचा असतो आणि तो चहूकडे विखुरतो. लेसरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो आणि तो अत्यंत लहान जागी एकवटता येतो. ज्या तत्त्वावर हे साधन उभे आहे ते अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडले; प्रत्यक्ष पहिला लेसर अमेरिकेतील थिओडोर मैमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून निर्माण केला. पुढे १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बेल प्रयोगशाळेत सिद्ध करणारे शास्त्रज्ञ चंद्र कुमार नारणभाई पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन बाहेर पडलेले. हिरड्या व तोंडातील मऊ भागांच्या शस्त्रक्रियेत त्यांचाच लेसर आजही वापरला जातो, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असावयास हवी तितकी माहीत नाही. असो.

मानवी शरीरावर लेसरचा पहिला उपचार डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला आणि तो डोळ्याच्या पडद्यावर झाला, हे येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. मधुमेहामुळे पडद्यावर लेसर करून घेतलेले अनेक जण या सभागृहातही असतील. डोळ्याची बाहुली आणि भिंग यांतून लेसर आत शिरतो आणि पडद्यावर नेमक्या बिंदूला डाग देतो, म्हणून तो उपचार शक्य होतो. पण डोळ्याचा हा गुण उपचार आणि अपघात असा भेद जाणत नाही. नेत्रतज्ज्ञ जो डाग मोजूनमापून, दृष्टीच्या केंद्रापासून दूर देतो, तोच डाग दंतवैद्याच्या खोलीतील एखादा भरकटलेला किरण नको त्या ठिकाणी देऊ शकतो.

दंतचिकित्सेत लेसर स्थिरावला तो त्यामानाने उशिरा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये हिरड्यांसारख्या मऊ भागांसाठी पहिल्या दंत-लेसरला मान्यता दिली आणि दाताच्या कठीण भागावर चालणाऱ्या अर्बियम लेसरला १९९७ मध्ये. त्यानंतर अर्धवाहकावर चालणारे डायोड लेसर आले. ते आकाराने लहान, किमतीने आटोपशीर. काही तर जाडजूड पेनाएवढेच. महानगरातील रुग्णालयांपुरते असलेले हे यंत्र त्यायोगे तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांच्या दवाखान्यातही येऊन पोहोचले. हिरडी कापताना रक्त फारसे येत नाही, बहुधा टाके घालावे लागत नाहीत, जखम लवकर भरते. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदानच होय आणि या विवेचनाचा हेतू कोणालाही लेसरपासून परावृत्त करण्याचा नाही.

तथापि यंत्र लहान झाले म्हणून त्याची शक्ती लहान झाली नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०८२५ क्रमांकाच्या मानकानुसार लेसरचे वर्ग पाडलेले आहेत. भारतीय मानक ब्युरोनेही तेच मानक स्वीकारले आहे. व्याख्यानात पडद्यावर लाल ठिपका दाखविणारी साधी कांडी दुसऱ्या वर्गात मोडते. तिची शक्ती एक मिलिवॉटपेक्षा कमी असते आणि ती डोळ्यावर आलीच तर पापणी पाव सेकंदात आपोआप मिटते. तेवढे संरक्षण तिला पुरते. अर्ध्या वॉटपेक्षा अधिक शक्तीचा अखंड लेसर हा चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातील. दंतवैद्याचा शस्त्रक्रियेचा लेसर काही वॉटचा असतो, तेव्हा तो चौथ्याच वर्गात येतो. काही वॉट हे ऐकून हसू येईल. घरातील जुना 'झिरो'चा दिवादेखील याहून अधिक वीज घेत असे. फरक एवढाच की त्या दिव्याचा प्रकाश साऱ्या खोलीत वाटला जातो आणि डोळ्याचे भिंग लेसरचा प्रकाश पडद्यावर सुमारे एक लाख पटींनी एकवटते.

त्यातही दंतवैद्याकडील लेसरचा एक कपटी विशेष असा की तो दिसत नाही. डायोड लेसरची तरंगलांबी बहुधा ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटर, निओडिमियमयुक्त याग लेसरची १०६४. हे सर्व अवरक्त किरण होत. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाहीत, पण डोळ्याची भिंगे त्यांना पडद्यापर्यंत सरळ पोहोचवितात. टोकाशी दिसणारा लाल ठिपका हा केवळ नेम धरण्यासाठी सोडलेला दुबळा प्रकाश असतो. काम करणारा किरण तो नव्हे. जे दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. शिवाय दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते आणि जळालेला पडदा पुन्हा उगवत नाही. चटका बसल्याचे त्या क्षणी कळेलच असे नाही. नंतर कधीतरी वर्तमानपत्र वाचताना मधली अक्षरे पुसट दिसू लागतात आणि त्याचा संबंध दाताच्या दवाखान्याशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अर्बियम आणि कार्बन डायऑक्साइड लेसरचे किरण पडद्यापर्यंत जात नाहीत. डोळ्याच्या पृष्ठभागावरील पाणी त्यांना शोषून घेते. तेथे इजा होते ती पारदर्शक पटलाला, आणि ती दुखते.

किरण तोंडात सोडलेला असताना तो दाराकडे कसा येईल, अशी शंका योग्यच आहे. दंतवैद्याच्या हातातील साधनांकडे पाहावे म्हणजे उत्तर मिळते. तोंडात घालावयाचा आरसा, ओठ बाजूला धरणारी चकचकीत पोलादी पट्टी, दातांवर बसविलेल्या तारा, धातूची टोपी: यांपैकी कशावरूनही किरण परावर्तित होऊ शकतो. पायाखालचे बटण अनवधानाने दाबले गेले तर टोक तोंडाबाहेर असतानाही किरण सुटतो. खरे सांगावयाचे तर तंतूच्या टोकातून निघणारा किरण पसरत जातो आणि अंतराबरोबर त्याची तीव्रता झपाट्याने उतरते. ज्या अंतराच्या आत उघड्या डोळ्याला इजा होऊ शकते ते अंतर प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि पुढील नळी बदलली की तेही बदलते. विस्तीर्ण शस्त्रक्रियागृहात ते अंतर दारापर्यंत पोहोचणार नाही. परंतु आपल्याकडील दहा बाय दहाच्या खोलीत खुर्ची आणि दार यांत अंतर ते किती? आणि पुष्कळ ठिकाणी तर खोलीही नसते. दोन खुर्च्यांच्या मध्ये छातीएवढी फळी असते आणि पलीकडच्या खुर्चीवर दुसरा रुग्ण तोंड उघडून बसलेला असतो.

आता पाटीकडे वळावयाचे. जगभर मान्य झालेली खूण अशी: काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण, त्यात मध्यबिंदूपासून चहूकडे फुटलेले काळे किरण आणि त्यांपैकी एक किरण लांब गेलेला. त्याखाली लेसरचा वर्ग, तरंगलांबी, कमाल शक्ती आणि कोणता चष्मा लावावा हे लिहिलेले असते. अमेरिकेच्या पाट्यांवर वर एक मोठा शब्दही असतो. पूर्वी चौथ्या वर्गासाठी तेथे 'धोका' हा शब्द असे. २०१४ च्या सुधारित मानकाने तो शब्द अत्यंत प्रबळ लेसरांसाठी राखून ठेवला आणि दवाखान्यातील लेसरांसाठी 'इशारा' हा शब्द पुढे आला. दवाखान्यात जुनी पाटी लागलेली असेल तर त्यात काही बिघडले नाही. पाटी जुनी की नवी हा प्रश्न दुय्यम आहे.

मुख्य प्रश्न आहे तो पाटी केव्हा लावावी आणि केव्हा काढावी हा. रोहित्राच्या कुंपणावर कवटी आणि दोन हाडे यांचे चित्र कायम टांगलेले असते, ते योग्यच आहे. कारण आत वीज अष्टौप्रहर असते. लेसर तसा नाही. दिवसातून एखादे वेळी, दहा-पंधरा मिनिटे तो चालतो आणि उरलेला वेळ ते यंत्र कोपऱ्यात निर्जीव पडून असते. आरोग्यसेवेतील लेसरच्या सुरक्षेसाठी अमेरिकेत जे मानक पाळले जाते, झेड १३६.३ या क्रमांकाचे, त्यात पाटी लेसर वापरात असतानाच प्रवेशद्वारावर दिसावी आणि काम संपताच काढावी किंवा झाकावी, असा दंडक आहे. आपल्याकडे मात्र जेथे पाटी आहे तेथे ती खिळ्याने वा चिकटपट्टीने कायमची बसविलेली आढळते. तिच्याखालून रोज तीस-चाळीस माणसे आत जातात, बाहेर येतात आणि कोणालाही काही होत नाही. रस्त्याचे काम संपून महिना झाला तरी 'काम चालू, रस्ता बंद' हा फलक तसाच उभा असला की वाहने त्याला वळसा घालून जातात. एक दिवस पुढे खरोखरच खड्डा असतो. कायम लावलेली पाटी दिवसातील बहुतेक सर्व वेळ असत्य सांगत असते. ज्या दहा मिनिटांत ती सत्य सांगते त्या वेळी तिच्यावर विश्वास ठेवणारा कोणी उरलेला नसतो. पाटी मुळीच नसण्यापेक्षा हे अधिक वाईट, कारण पाटी लावल्यामुळे दवाखान्याला आपले कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळते.

दुसरा प्रश्न भाषेचा. यंत्राबरोबर खोक्यात जी पाटी येते ती इंग्रजीत असते. क्वचित तिच्यावर जर्मन आणि फ्रेंचही असते, मराठी नसते. चिन्ह भाषेवाचून कळेल असे मानणाऱ्यांनी किरणोत्सर्गाच्या तीन पाकळ्यांच्या चिन्हाचा अनुभव ध्यानात घ्यावा. ते चिन्ह १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे तयार झाले आणि जगभर पसरले. साठ वर्षांनंतरही पुष्कळांना ते पंख्याचे चित्र वाटते. म्हणूनच फेब्रुवारी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने प्रबळ किरणोत्सर्गी स्रोतांसाठी एक जादा चिन्ह जाहीर केले. त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस आहे. ते ठरविण्यापूर्वी भारतासह ११ देशांतील १,६५० लोकांना दाखवून त्यांना काय कळते ते पाहण्यात आले होते. लेसरच्या पिवळ्या त्रिकोणाकडे पाहून आपल्या आजीला काय वाटेल? सूर्य उगवला, असेच वाटण्याची शक्यता अधिक.

तेव्हा चिन्हाखाली मराठी मजकूर हवाच. सीमाभागातील दवाखान्यात कानडीही हवा. परंतु मराठी म्हणजे कोणती मराठी? 'अदृश्य लेसर प्रारण, प्रवेश निषिद्ध' हे शब्द शासकीय परिभाषेत निर्दोष आहेत आणि बाकावर बसलेल्या माणसाच्या काही उपयोगाचे नाहीत. 'लेसर किरणोत्सर्ग' असे लिहिले तर त्याहून मोठा घोटाळा होतो. लोकांच्या मनात किरणोत्सर्ग म्हणजे अणुभट्टी आणि कर्करोग. ती पाटी पाहून एखादी गर्भवती भगिनी उपचार सोडून घरी जाईल. लेसरचा प्रकाश क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील अणूंचे आयनीभवन करीत नाही. त्याचे भय आहे ते डोळ्याला आणि भाजण्याचे. म्हणून पाटीने वर्णन करू नये, काय करावे ते सांगावे. 'आत लेसर चालू आहे. दार उघडू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. बेल वाजवा, थांबा.' एवढे पुरे. तरंगलांबी, वॉट आणि चष्म्याचा तपशील खाली बारीक अक्षरांत असावा. तो खोलीत जाणाऱ्या जाणकारासाठी आहे.

चष्म्याविषयी दोन शब्द अवश्य बोलले पाहिजेत, कारण पाटी आणि चष्मा यांची जोडी आहे. आत जाणे अटळच असेल तर पाटीपाशीच, दाराबाहेर, त्याच लेसरचा चष्मा टांगलेला हवा. आत टेबलावर ठेवलेला चष्मा घेण्यासाठी आधी उघड्या डोळ्यांनी आत जावे लागते, हे सांगावे लागू नये. चष्म्याच्या काचेवर तरंगलांबी आणि प्रकाशीय घनता छापलेली असते. घनता ५ याचा अर्थ त्या तरंगलांबीचा लाखातील एकच भाग आत येतो. मात्र एका लेसरचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही. अर्बियम लेसरचा पारदर्शक चष्मा डायोड लेसरसमोर लावणे म्हणजे उन्हात चाळणी धरणे होय. नेहमीचा नंबरचा चष्मा, गॉगल यांचाही उपयोग नाही. पोकळी भरताना जो निळा दिवा लावतात तो लेसर नव्हे आणि त्याच्यासमोर धरावयाची नारिंगी काच लेसरसमोर कुचकामी आहे; हा गोंधळ मदतनिसांमध्ये नेहमी होतो.

मदतनीस हा शब्द आलाच आहे तर त्यांच्याविषयीही. शोषणनळी धरून तोंडापासून वीतभर अंतरावर उभी असणारी मुलगी ही त्या खोलीतील सर्वांत जवळची व्यक्ती. अनेकदा चष्मे दोनच घेतलेले असतात, एक वैद्याला आणि एक रुग्णाला. तिला सांगितले जाते, "तिकडे बघू नकोस." न बघता शोषणनळी धरता येत नाही.

काचेच्या दाराविषयीही तसेच. नव्या दवाखान्यांना काचेची दारे असतात. ती सुरेख दिसतात. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण साध्या काचेतून पार होत नाही. डायोड आणि याग लेसरचा मात्र सहज होतो. तेव्हा अशा दारावर पाटी लावून भागत नाही. लेसर चालू असताना काचेवर अपारदर्शक पडदा ओढावा लागतो. चौथ्या वर्गाच्या यंत्राला, दार उघडताच किरण बंद पडावा अशी तार जोडण्यासाठी एक खोबण दिलेली असते. ती असावी असा मानकाचाच दंडक आहे. पण पुष्कळदा तिच्यात एक बूच घालून ती कायमची मिटविलेली असते आणि दाराला तार जोडण्याचे कोणी मनावर घेत नाही. सुताराचे आणि वायरमनचे मिळून एक दिवसाचे काम.

हे सारे करवून घेणार कोण? क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. मुंबईतील अणुशक्तिनगर येथून चालणाऱ्या या मंडळाची स्थापना १९८३ ची. दाताच्या क्ष-किरण यंत्राचीही त्याच्याकडे रीतसर नोंद करावी लागते. त्या मंडळाचे कार्यक्षेत्र आयनकारी प्रारणांचे आहे, तेव्हा लेसर त्याच्या कक्षेत येत नाही. परिणामी एकाच दवाखान्यात क्ष-किरणांची पाटी नियमाने लागते आणि लेसरची पाटी दंतवैद्याच्या सद्बुद्धीवर राहते. मानक हातात आहे, ते पाळावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. अशा ठिकाणी रुग्णाने आणि नातेवाइकाने विचारलेल्या साध्या प्रश्नाला मोल येते: "डॉक्टर, लेसर लावणार आहात ना? मग मुलाला बाहेर बसवू का? आणि बाईंना चष्मा आहे का?" यात अविश्वास नाही, चांगल्या दंतवैद्याला तो प्रश्न आवडतो.

धर्मादाय दवाखान्यांना देणगीदाखल यंत्रे मिळतात, ही आनंदाची बाब आहे. यंत्र आले की देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आठवडाभरात भिंतीत बसते. खोक्यातील पिवळी पाटी मात्र माहितीपुस्तिकेबरोबर कपाटात जाते. देणगी देतानाच यंत्रासोबत पुरेसे चष्मे, दाराला जोडावयाची तार, काचेसाठी पडदा आणि मराठी पाटी यांचा खर्च धरावा. यंत्राच्या किमतीपुढे ती रक्कम नगण्य आहे. चष्मे किती, तर रुग्ण, वैद्य, मदतनीस आणि दाराबाहेरचा एक, असे किमान चार.

आणि पाटी वेळेवर लावण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीच्या नावावर असावी. एकट्या दंतवैद्याच्या दवाखान्यात ती त्यांचीच; मोठ्या दवाखान्यात नेमलेल्या लेसर सुरक्षा अधिकाऱ्याची. तरीही माणूस विसरतो. यावर एक सोपा उपाय असा: पाटी दाराच्या आतील बाजूस एका खिळ्यावर टांगावी आणि यंत्राची किल्ली तिच्या मागे त्याच खिळ्यावर ठेवावी. किल्ली हवी तर आधी पाटी हातात येते. ती बाहेर अडकविली की किल्ली यंत्रात जाते. काम संपले की किल्ली परत खिळ्यावर आणि तिच्यावर पाटी. अलीकडील काही यंत्रांना किल्लीऐवजी अंकांचा संकेत असतो. तेथे किल्लीच्या जागी मदतनिसाचा चष्मा टांगावा.